महिंद्रा जीप

महिंद्रा जीप हे महिंद्रा अँड महिंद्रा या मुंबईस्थित कंपनीने अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या परवान्याने भारतात तयार केलेल्या वाहनांचे व त्यांच्यापासून विकसित झालेल्या प्रकारांचे प्रचलित नाव आहे. मूळ सीजे-३बी हा प्रकार अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाला; महाराष्ट्रात मात्र त्याची परंपरा त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली.

उगम

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याने टेहळणीसाठी हलके, चारही चाकांना गती मिळणारे वाहन मागवले. पहिला नमुना अमेरिकन बँटम या लहान कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट यांनी आखला. परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे काम विलीज व फोर्ड यांच्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. १९४५ मध्ये विलीजने शेती व नागरी वापरासाठी सीजे-२ए हा प्रकार आणला. ‘सीजे’ ही ‘सिव्हिलियन जीप’ या शब्दांची आद्याक्षरे होत. ‘जीप’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत.

भारतातील उत्पादन

२ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मुंबईत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीने आजचे नाव धारण केले. सुटे भाग आयात करून जीपची जुळणी प्रथम माझगाव येथे होत असे. पुढे कांदिवली येथे उत्पादन सुरू झाले.

प्रमुख प्रकार

सीजे-३बी : याच्या ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनाची उंची अधिक असल्याने बॉनेट वर उचलावे लागले. उंच बॉनेट ही या प्रकाराची ओळख होय.

एमएम ५४० : १९८० च्या दशकातील डिझेल जीप. तिचे प्यूजो बनावटीचे इंजिन इगतपुरी येथे तयार होत असे.

कमांडर : लांब सांगाड्याची, प्रवासी वाहतुकीस सोयीची जीप.

थार : २०१० मध्ये सादर. दुसरी पिढी २०२० मध्ये, तर पाच दारांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली.

लोकजीवनातील स्थान

पोलीस, वन व महसूल खात्यांमुळे जीप हे दीर्घकाळ शासनाचे दृश्य रूप होते. पुढे एस.टी. क्वचितच पोहोचणाऱ्या गावांसाठी ती बाजार, शाळा व दवाखाना गाठण्याचे साधन बनली. अशा सामायिक वाहनांना मराठवाडा व विदर्भात ‘काळी-पिवळी’, तर पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणतात. बोलीभाषेत ‘जीप’ हे सामान्यनामच झाले असून इतर कंपन्यांच्या तशा गाड्यांनाही ते लावले जाते.

रचनेचा वाद

महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सॉर हे रस्त्याबाहेर वापरायचे वाहन आणले. जीप या नाममुद्रेची तत्कालीन मालक फियाट क्रायसलर हिने बाह्यरूपाच्या नकलेचा आक्षेप घेतला. २०२० मध्ये अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने मूळ रचनेविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर महिंद्राने रचना बदलली. ज्या घराण्याच्या परवान्यावर महिंद्राची वाहननिर्मिती उभी राहिली, त्याच घराण्याच्या वारसाशी हा संघर्ष होता.

आज या वंशाच्या दोन्ही शाखा महाराष्ट्रात आढळतात. थारचे उत्पादन नाशिक येथे होते, तर सीजे मालिकेची वारसदार जीप रँग्लर हिची जुळणी २०२१ मध्ये पुण्याजवळील रांजणगाव येथे सुरू झाली.