समुत्थानव्यय : जातिवंशमूलक अपराध आणि पीडिताचा हक्क

अठरा व्यवहारपदांत वाक्पारुष्य व दंडपारुष्य, म्हणजे शिवीगाळ व मारहाण, अशीं दोन स्वतंत्र पदें आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ब्राह्मणास शिवी देणाऱ्या क्षत्रियास १०० पण दंड आहे, शूद्रास शरीरदंड. उलट ब्राह्मणानें शूद्रास शिवी दिल्यास अवघे १२ पण. अपराध एकच, दंड जन्मावरून. हें वाचून पुष्कळजण तो अध्याय मिटवितात व त्यांना दोष देतां येत नाहीं. तथापि पुढें त्याच अध्यायांत एक शब्द येतो, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे : समुत्थानव्यय. ज्यानें दुसऱ्याचें अंग दुखावलें, त्यानें तो बरा होईपर्यंतचा खर्च द्यावा. याज्ञवल्क्यानें हा व्यय आणि दंड हीं दोन्हीं द्यावयास लाविलीं आहेत. दंड राजाचा, व्यय पीडिताचा. हा भेद पुढें कोठें हरवला?

१८६० च्या दंडसंहितेनें शिक्षेंतील वर्णभेद काढून टाकला. (गोऱ्या आरोपींच्या चौकशींतील सवलतींची कथा निराळी.) पण विषमता काढतांना विषमतेनें घडणारा अपराधही तिला दिसेनासा झाला. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी घेतलेल्या अस्पृश्य मंडळींस मारहाण झाली. मारहाणीस कलम होतें. अस्पृश्य म्हणून मारलें, ह्यास नव्हतें. शिवाय दिवाणी न्यायालयांत वादी झाले ते तळें बंद ठेवूं पाहणारे, आणि डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी प्रतिवादी! तळें नगरपालिकेचें, खुलें करण्याचा ठरावही तिचाच. तरी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला. बंदीची रूढि अनादि असल्याचें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं, एवढ्या मुद्द्यावर तो लागला. मार खाल्लेल्यांचें औषधपाणी हा त्या दहा वर्षांच्या वादाचा विषयच नव्हता.

राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली, व १९५५ च्या कायद्यानें तिच्या आचरणास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड ठरविला. १९७६ मध्यें त्याचें नांव नागरी हक्क संरक्षण कायदा झालें आणि कैद व दंड दोन्हीं आवश्यक झालीं. हा दंड राजाचाच. पीडित आला तो १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यानें, व खऱ्या अर्थानें १९९५ च्या नियमांनीं : प्रवासखर्च, निर्वाहखर्च, आर्थिक साहाय्य, पुनर्वसन. २०१६ मध्यें साहाय्याची रक्कम अपराधाप्रमाणें ८५,००० ते ८,२५,००० रुपये करण्यांत आली. सारी रक्कम निकालानंतरच मिळते असें नाहीं. कांहीं भाग फिर्याद नोंदतांना वा आरोपपत्र जातांना मिळतो.

हाच समुत्थानव्यय काय? माझ्या मतें नव्हे. तो अपराध्यानें द्यावयाचा. हा सरकारी तिजोरींतून येतो. ह्याचें खरें साम्य दुसऱ्याच नियमाशीं आहे : चोरीचा माल परत मिळवितां न आल्यास राजानें तो आपल्या कोशांतून भरून द्यावा, असें गौतम सांगतो. रक्षण हें राजाचें काम, तें चुकलें म्हणून भरपाई. कर्तव्यांत जाणून कसूर करणाऱ्या लोकसेवकासही १९८९ च्या कायद्यांत शिक्षा आहे, ती ह्याच न्यायानें.

मात्र हा कायदा अनुसूचित जाति-जमातींपुरता आहे. ईशान्येकडील लोकांवर दिल्लींत होणाऱ्या हल्ल्यांनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनें २०१४ मध्यें वंशमूलक अपमानासाठीं नवीं कलमें सुचविलीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत पांच वा अधिक जणांनीं वंश, जात, भाषा इत्यादि कारणांवरून केलेल्या खुनास व जबर दुखापतीस स्वतंत्र शिक्षा आहे. पण अनुसूचींत नसलेल्या मनुष्यास एकट्यानें भररस्त्यांत चेहऱ्यावरून हिणविलें, तर त्याच्या हातीं उरतें तें शांतताभंग व्हावा म्हणून केलेल्या सर्वसामान्य अपमानाचें कलम.