गळाची दोरी आणि तिचा पीळ



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. परकोटाच्या आत राहणाऱ्या आपल्या चंद्रपूरकरांना तर गोंड राजांचा इतिहास वेशीवेशीवर वाचायला मिळतो. पण आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती परकोटाच्या दगडांत सापडायची नाही. कारण ती एकदोन हंगामांत कुजून जात असे. ती वस्तू म्हणजे मासे धरणाऱ्याची दोरी.

हा विषय आजच का? वर्धेच्या काठी, इरईच्या पाण्यावर हल्ली शहरातली तरुण मंडळी काठी आणि स्पिनिंग रीळ घेऊन बसलेली दिसतात. चारदोन वेळा गळ फेकला की त्यांचा नायलॉनचा दोरा, म्हणजे आपण ज्याला तंगूस म्हणतो तो, वळवळू लागतो, त्याच्या गाठी होतात. मग दोरा तोडून तिथेच काठावर टाकायचा आणि म्हणायचे, “माल खराब निघाला.” माल बहुधा खराब नसतो. दोऱ्याला पीळ पडलेला असतो. हा पीळ कुठून आला हे कळायचे असेल, तर थोडे मागे जावे लागते.

यंत्राचा दोरा येण्यापूर्वी दोरी म्हणजेच पीळ होता. अंबाडी किंवा सण भिजवून, सडवून, झोडपून त्याचे वाख काढीत. एकेक वाख दोरीपेक्षा कितीतरी आखूड. असे आखूड तंतू एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळामुळे. पीळ सोडा, दोरी हातात गळून पडते. आणि एका बाजूचा पीळ पुरत नाही. एकेरी धाग्याला एका दिशेने पीळ द्यायचा, आणि असे दोनतीन धागे एकत्र वळताना उलट दिशेने. मग दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात आणि दोरी शांत पडून राहते. मांडीवर दोरी वळणाऱ्या माणसाला हे शास्त्र कोणी पाटीवर शिकवले नव्हते. ते त्याच्या तळहातात होते.

आपल्या या जंगलमुलखात तर एक मौजेची गोष्ट आहे. आरमोरी, नागभीड, सावली या भागांत तळ्यांवर मासेमारी करणारा जो ढिवर समाज, त्याच समाजातली कुटुंबे ऐनाच्या झाडांवर कोसाही पिकवीत आली आहेत. आणि रेशीम हे जुन्या काळी गळाच्या दोरीसाठी जगभर नावाजलेले. बंगाल-आसामकडे मुगा रेशमाच्या दोऱ्या गळाला लावीत. स्पेनमध्ये मुर्सियाच्या बाजूला रेशमाच्या किड्याची ग्रंथीच ताणून तिची तार काढीत व ती युरोपभर विकली जाई. सुती व तागी दोऱ्या कुजू नयेत म्हणून त्यांना झाडाच्या सालीचा काढा पाजावा लागे. खैराच्या काताला तर विलायतेतल्या कोळ्यांकडून मागणी होती. जाळी आणि शिडे ते त्यात बुडवीत. दोरी करणे, पाजणे, वाळवणे, दुरुस्त करणे हे सारे श्रम मासा हाती येण्याच्या आधीचे. त्यांची मजुरी कोणत्याही वहीत मांडलेली नसे.

आता रिळाकडे वळू. संक्रांतीच्या पतंगाची चक्री आठवा. चक्री हातात फिरते आणि मांजा सरळ सुटतो. त्याला पीळ पडत नाही. जुनी मासेमारीची रिळे अशीच फिरती होती. पण हलका गळ दूर फेकायचा तर जड चक्री फिरवण्याइतका त्यात जोर नसतो. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पीटर मॅलॉक याने 1884 साली युक्ती काढली: गुंडाळताना रीळ नेहमीसारखे, फेकताना ते काटकोनात वळवायचे, म्हणजे दोरा टोकावरून सुटेल. फेक लांब गेली खरी, पण प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ पडू लागला. हा प्रयोग घरी करून पाहा. कापडाची फीत काठीला गुंडाळा आणि काठी न फिरवता फीत टोकावरून ओढून काढा. जितके वेढे, तितके पीळ तिच्यात दिसतील.

या पिळाला उत्तर सापडले ते कापडगिरणीच्या गावात. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या लोकरगिरणीवाल्या घराण्यातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने 1905 साली नव्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. त्याचे रीळ स्थिर राहते आणि दोऱ्याला धरणारी कडी रिळाभोवती फिरून वेढे घालते. म्हणजे गुंडाळताना पडलेला पीळ फेकताना तितकाच उलटा सुटतो. जमाखर्च बरोबर! आजचे प्रत्येक स्पिनिंग रीळ याच वंशातले.

ही गोष्ट विदर्भातल्या सूतगिरणी कामगाराला समजवावी लागत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, आणि रिंग चात्या हिंदुस्थानात आधी वापरणाऱ्या गिरण्यांत तिचे नाव येते. रिंग साच्यात चातीभोवतीच्या कड्यावर एक बारीकशी ट्रॅव्हलर धावते. तिच्या प्रत्येक फेऱ्याला सुतात एक पीळ भरतो. पीळ कमी पडला तर सूत तुटते, जास्त झाला तर त्याला वळ्या पडतात. साच्यासमोर आयुष्य उभे काढलेला कामगार हे नुसत्या नजरेने ओळखी. 2002 साली ती गिरणी बंद झाली. नुकसान भरपाईची गणिते झाली. या नजरेची किंमत कोणत्याच गणितात धरली गेली नाही.

गिरणीच्या सुताला पीळ हवा होता. पण पुढे असा धागा आला की ज्याला पिळाची गरजच नाही. 28 फेब्रुवारी 1935 रोजी अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या हाताखाली नायलॉन तयार झाले. 1938 मध्ये ते जगापुढे आले. महायुद्धात त्याची हवाई छत्र्यांसाठी ओढ लागली. युद्धानंतर ते कोळ्याच्या हाती पोहोचले. आपल्याकडे 1957 साली कोचीन येथे मत्स्यतंत्राची केंद्रीय संस्था निघाली व कृत्रिम धाग्याच्या जाळ्यांचा अभ्यास सुरू झाला. ही जाळी कुजत नाहीत, काढा मागत नाहीत. त्यामुळे मासेमारी करणाऱ्या घरांचे कष्ट हलके झाले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

तंगूस म्हणजे एकच अखंड तार. तिच्यात आखूड तंतू नाहीत, म्हणून त्यांना बांधायला पीळ नको. उलट आलेला पीळ तिच्यात राहायला जागा शोधतो आणि वेटोळे करून बसतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे हे नायलॉन. एकदा बसलेले वळण सहज सोडत नाही. जो पीळ आजोबांच्या दोरीचा प्राण होता, तोच नातवाच्या दोऱ्याचा वैरी झाला.

हे ध्यानात आले की दोरा निवडणे अवघड नाही. जाडी दुप्पट केली तर ताकद साधारण चौपट होते, पण ताठरपणा सोळापट होतो. म्हणून लहान रिळावर जाड तंगूस चढवला की तो स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. किलो-दोन किलोच्या रोहू-मृगळासाठी पाव मिलिमीटरच्या आसपासचा दोरा मधल्या रिळाला पुष्कळ झाला. 1971 पासून जपानी फ्लुरोकार्बनचा दोरा बाजारात आहे. तो पाण्यात कमी दिसतो, दगडाला घासून लवकर झिजत नाही. पण ताठ असतो, म्हणून सारे रीळ त्याने भरण्यापेक्षा गळाजवळचा हातभर तुकडा त्याचा लावावा. शेवाळातल्या मरळीसाठी पॉलिएथिलीनच्या तंतूंचा विणीव दोरा चांगला. गोफासारखे त्याचे निम्मे पेड एका दिशेने व निम्मे दुसऱ्या दिशेने जातात, म्हणून तो मऊ पडतो. पण पीळ त्यालाही पडतो. लवकर दिसत नाही इतकेच.

पीळ टाळण्याचे नियमही थोडेच. नवा दोरा भरताना दुकानातले रीळ जमिनीवर आडवे ठेवा, दहावीस वेढे घाला आणि दोरा ढिला सोडून पाहा. वळवळला तर खालचे रीळ उलटे ठेवा. भरताना दोरा ताणून धरा आणि रिळाच्या काठाखाली दोनतीन मिलिमीटर जागा सोडा. फेक झाल्यावर कमान हाताने बंद करा व दोरा एकदा ओढून घ्या. पाण्यात गरगरणारे आमिष असेल तर मध्ये फिरती कडी बांधा.

आणि सर्वांत मोठी चूक ही: मोठा मासा दोरा ओढून नेत असताना घाईने हँडल फिरवणे. तेव्हा रीळ घसरत असते, दोरा येत नाही, पण कडी फिरतच राहते. हँडलच्या एका फेऱ्याला ती साधारण पाच वेळा फिरते. वीस फेरे फुकट फिरवले की शंभर पीळ दोऱ्यात गेले, आणि ते सुटण्याची सोय नाही. तेव्हा मासा ओढतो आहे तोवर हात थांबवा. तो थांबला की गुंडाळा. तरीही पीळ पडलाच तर गळ, शिसे, कडी सारे काढून मोकळा दोरा वाहत्या पाण्यात लांब सोडा. काही मिनिटांत प्रवाहच त्याचा पीळ उतरवील. मग बोटांच्या चिमटीत ताणून धरून गुंडाळा. दोरा तोडण्याची गरज नाही.

तोडलेल्या दोऱ्याबद्दल मी आग्रहाने बोलतो, त्याला कारण आहे. अंबाडीची दोरी तुटली तर ती मातीत जात असे. तंगूस वर्षानुवर्षे तसाच राहतो. तळ्याकाठी चरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो, आणि जाळे ओढायला पाण्यात उतरलेल्या ढिवराच्या हातापायांतही. मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा 1950 साली झाला, तळी सरकारकडे गेली, आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था आज ती ठेक्याने घेतात. आपण हौसेने जिथे रविवार घालवतो, तिथे कुणाची तरी रोजी चालते. त्याच्या पाण्यात आपला गुंता टाकून येणे हे हौशी माणसाला शोभत नाही.

पूर्वी दोरी वापरणारा ती स्वतः वळत असे, म्हणून त्याला तिचा स्वभाव ठाऊक असे. आज दोरा दुसरा कोणी करतो आणि आपण विकत घेतो. म्हणून समजून घेण्याचे काम आपल्यावर आले आहे. पुढच्या वेळी दोरा वळवळला तर कात्री काढू नका. आधी फीत आणि काठी आठवा, पीळ कोणत्या बाजूचा आहे ते पाहा, आणि नदीला तो उतरवू द्या. आणि जवळपास एखादा म्हातारा ढिवर किंवा जुना रिंगखात्यातला कामगार बसलेला असेल, तर त्याला विचारा. मी सांगितले त्यापेक्षा चार गोष्टी तो जास्तच सांगेल.