शेवटचे चोवीस तास

तंजावूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कुंभकोणम, पापनासम, पट्टुकोट्टै अशा आसपासच्या गावांतून बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन घ्यायला येतात. आठवड्याला पाच, अशा साधारण २५ मात्रा. हा घटनाक्रम त्यातल्या एका मात्रेचा, गाठीतल्या एका पेशीचा; शून्य तास म्हणजे तिचं विभाजन. बाई कुणी ठरावीक नव्हे आणि तासही पेशीगणिक मागेपुढे होतात.

२४ तास आधी, सकाळी १०
भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून बाई टेबलावर उताणी पडली आहे. मूत्राशय फुगलं की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. कातडीवरच्या शाईच्या खुणा प्रकाशरेषांशी जुळवून तंत्रज्ञ ‘हलू नका अम्मा’ म्हणतो आणि बाहेर जातो. काही मिनिटांत २ ग्रे. दुखत काहीच नाही. मात्र आतल्या एकेका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे सुमारे ६०-७० ठिकाणी एकदम तुटलेले असतात.

२३ तास आधी
डागडुजी जोरात चालू. कू नावाची प्रथिनं तुटकी टोकं धरतात, बाकीची ती जोडतात. कोणतं टोक कुणाचं, याची चौकशी होत नाही. घाईचं काम.

१८ तास आधी, दुपारी ४
बाई बसने घरी पोहोचली असेल. निरोगी पेशींनी बहुतेक छेद सांधले आहेत. एकाच दिवशी दोन मात्रा द्यायच्या झाल्या तर मध्ये किमान ६ तास सोडतात ते यासाठीच.

आपल्या पेशीत मात्र एक घोळ झाला. दोन वेगळी गुणसूत्रं तुटली होती. त्यांचे सेंट्रोमिअर (विभाजनावेळी गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा) असलेले भाग एकमेकांना जोडले गेले आणि उरलेली दोन शेपटं एकमेकांना. म्हणजे एका गुणसूत्रावर दोन सेंट्रोमिअर, दुसऱ्या तुकड्यावर एकही नाही. गंमत अशी की अजून एकही जनुक हरवलेलं नाही. पेशी धडधाकट आहे.

खरं तर इथे पी५३ या प्रथिनाने तिला थांबवायचं. पण या कर्करोगामागे बहुधा एचपीव्ही विषाणू असतो आणि त्याचं ई६ प्रथिन पी५३ची विल्हेवाट लावतं. विषाणूने तिला बेलगाम केलं, तेच आता तिच्या मुळावर येणार आहे.

१० तास आधी, मध्यरात्र
डीएनएची नक्कल चालू. बिनसेंट्रोमिअरचा तुकडाही इमानेइतबारे दुप्पट होतो.

४ तास आधी, पहाटे ६
विभाजनाआधीचा शेवटचा नाका. पेशी इथे बराच वेळ अडली, मग सुटली. नाक्यावर उघडी टोकं तपासतात आणि चुकीच्या सांध्यात उघडं टोक नसतं.

शून्य तास, सकाळी १०
तर्कूतंतू प्रत्येक गुणसूत्राला सेंट्रोमिअरपाशी धरतात. एकही सेंट्रोमिअर मोकळा असला तर विभाजन पुढे सरकत नाही. आपल्या तुकड्याला तो नाहीच, म्हणून तो मोजणीतच येत नाही. कडी निखळलेल्या बादलीला विहिरीतून वर ओढणार कशाने? बाकीची गुणसूत्रं दोन्हीकडे खेचली जातात, हा मध्येच तरंगत राहतो. दोन सेंट्रोमिअरवाल्याची गत वाईट. त्याला दोन्ही टोकांकडून एकदम ओढ बसते, दोन केंद्रकांमध्ये तो ताणलेल्या पुलासारखा अडकतो आणि पुढे कुठेतरी तुटतो.

१ तास नंतर
मागे राहिलेल्या तुकड्याभोवती स्वतंत्र पडदा तयार होतो. हे सूक्ष्मकेंद्रक. त्याचा पडदा कच्चा, सहज फाटणारा, आणि आतल्या डीएनएचे पुढे तुकडे तुकडे होऊ शकतात. क्वचित असा तुकडा तगूनही जातो. १९९३ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दहाव्या गुणसूत्रापासून बनलेलं एक गुणसूत्र दाखवलं, ज्याने नेहमीची डीएनए-रचना नसताना नवा सेंट्रोमिअर उभा केला होता. निसर्गाचा हा जुगाड डॉक्टरांना इथे मुळीच नको असतो.

पुढचे दिवस
आता जनुकं खरोखर हरवली. दोन्ही कन्यापेशी अपुऱ्या सामानावर आणखी एक-दोन विभाजनं रेटतात आणि कोसळतात. गाठीतल्या सगळ्याच पेशी एकाच वेळी विभाजनाला येत नाहीत, त्यामुळे मात्रा संपल्यावरही हे मरणं चालूच राहतं. गाठ गेली की नाही याचा पक्का निकाल द्यायला डॉक्टर सुमारे तीन महिने थांबतात, ते त्यामुळेच.