बारड्याच्या डोंगरावरचा पाहुणा

माणूस देशोधडीला लागला, की त्याचे गाव पंचांगात जाऊन बसते. आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्यांची नातवंडे-पणतवंडे १७ मार्चला संत पॅट्रिकच्या नावाने मिरवणुका काढतात. स्कॉट लोक जगाच्या पाठीवर कुठेही असोत, ३० नोव्हेंबरला संत अँड्र्यूला विसरत नाहीत. आमच्या डहाणू तालुक्यात, आगर-नरपडपासून घोलवड-बोर्डीपर्यंत, तसा दिवस २१ मार्चचा. त्या दिवशी इराण्यांच्या वाड्यांत नवरोज असतो.

बोर्डीहून आत अस्वलीकडे गेले, की बारड्याचा डोंगर लागतो. पारशी त्याला बाहरोट म्हणतात आणि यात्रेला यावे तसे तिथे येतात. ही भक्ती कशासाठी, ते 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. बहमन कैकोबाद या धर्मगुरूने ते १५९९ साली रचले. इराण सोडलेले झरथुष्ट्री संजाणला उतरले. तिथल्या जादी राण्याने अटी घातल्या: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने सांजवेळी लावा. दुधात साखर विरघळवल्याची ती गोड गोष्ट मात्र, वाचकहो, या काव्यात नाही. ती मागाहून लोकांनी घातली. साखर कोणाला आवडत नाही?

पुढे सुलतानाच्या फौजेने संजाण लुटले, तेव्हा धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, उचलून बारड्याच्या गुहांत आणला. बारा वर्षे तो तिथे तेवत होता. भर पावसाळ्यात, रानात, कोरडे सरपण मिळवून एक अग्नी बारा वर्षे विझू न देणे म्हणजे काय, हे आमच्याकडचा पाऊस पाहिलेल्यालाच कळेल. नंतर तो वांसद्याला, नवसारीला आणि १७४२ साली उदवाड्याला गेला. तिथे आजही जळतो आहे.

आमचे इराणी याच धर्माचे, पण फार मागाहून आलेले. यझ्द-करमानकडे झरथुष्ट्र्यांना जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी हातरियांना तिकडे धाडले. त्यांच्या खटपटीने १८८२ साली तो कर उठला. तरी दारिद्र्य उठले नाही. माणसे येत राहिली. कोणी मुंबईत चहाचे हॉटेल काढले, कोणी इथे चिकूची बाग लावली.

या गोष्टीत एक जागा मला नेहमी रिकामी दिसते. किस्स्यात राजा आहे, डोंगर आहे. डोंगरातला वारली नाही. पुढे इथल्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी-इराणीही होते. ज्या रानाने अग्नीला आसरा दिला, त्याच रानात वारली वेठीला जुंपला गेला. १९४५ साली तो उठला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याच लढ्याचे. नवरोजच्या दिवशी हे बोलू नये असे काहींना वाटते. मला वाटते, जुलमातून सुटून आलेल्यांच्या सणाला ते जास्तच शोभते.

नवरोजच्या मेजावर 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात: सफरचंदाचा सेब, लसणीचा सीर, व्हिनेगरचा सिरका, मोड आलेल्या गव्हाचा सब्जे. इकडे त्यांच्या शेजारी वाडीतला चिकूही असतो. तोही मूळचा मेक्सिकोकडचा. त्याला सपोटा म्हटले, की तोही 'स'मध्ये बसतो.