पंखातलं पेट्रोल, वरचं इंजिन

1903 साली राइट बंधूंच्या विमानाला इंधनपंप नव्हता. उंचावरच्या टाकीतून पेट्रोल आपोआप खाली येई. 1948 मध्ये फ्रान्समध्ये उडालेल्या झोदेल डी-9 या घरी बांधण्याजोग्या विमानाचे पंख खाली होते, तरी टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, धडातच राहिली. लांब पल्ल्यासाठी मात्र अशा विमानांत टाक्या पंखांत गेल्या आणि इंजिन इंधनाच्या वर आलं. खरा पेच इथे सुरू झाला. इंजिनावरचा पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब घटतो. तापलेल्या इंधनाची तिथेच वाफ होते आणि पुरवठा तुटतो. दोन पंप असले की भागलं, असं म्हटलं जातं. पण दोन्ही गरम इंजिनापाशी बसून वरूनच ओढत असतील, तर एकच दोष दोघांनाही गाठतो. म्हणून विजेचा पंप खाली, टाकीजवळ हवा. तो पेट्रोल वर ढकलतो.

दोन्ही टाक्या एकदम उघडणारी चावीही खालच्या पंखांच्या विमानात घातकच, कारण एक टाकी रिकामी झाली की पंप तिथली हवा ओढू लागतो. उंच पंखांच्या सेसना 172 मध्ये अशी चावी चालते, कारण तिथे पेट्रोल वरून आपोआप उतरतं. खालच्या पंखांच्या पायपर चेरोकीत डावी किंवा उजवी टाकी निवडावीच लागते. वैमानिक टाकी बदलायला विसरेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय चावी नजरेसमोर, हाताशी ठेवण्याचा. 1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर ज्या घरी बांधलेल्या विमानासह कोसळले, त्यात ती डाव्या खांद्यामागे होती.