आसमानी किती, सुलतानी किती?

वाशीमच्या बाजारात एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला मुनीमाने सांगितले, ‘शेठजी, यंदा खर्च अंदाजापेक्षा कमी झाला,’ तर शेठजी लगेच खूश होत नाहीत. ते आधी विचारतात, ‘आणि माल किती निघाला?’ ज्याला हिशेबशास्त्री आज लवचिक अंदाजपत्रक म्हणतात, त्याचे मर्म या एका प्रश्नात आहे. अमेरिकेत जी. चार्टर हॅरिसन यांनी १९११ साली प्रमाण परिव्ययाची पहिली पूर्ण पद्धती बसविली, असे या शास्त्राचा इतिहास सांगतो. ते मान्य करूनही आम्हांस वाटते की, अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी मांडून तफावतीचा जाब विचारण्याची रीत आमच्या मुलखाला नवी नव्हती.

पेशवाईत महालाच्या कमाविसदाराला वर्षारंभी हुजूर दफ्तरातून बेहेडा मिळे. त्यात जमा किती यावी आणि खर्च किती व्हावा, याचा आजमास असे. वर्षअखेर तो ताळेबंद घेऊन येई आणि फडणिसांचे कारकून एकेक कलम बेहेड्याशी ताडून पाहत. वाशीम परगणा पुण्याच्या थेट अमलात नव्हता. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती, म्हणजे एकाच शेताच्या वसुलावर दोघांचा डोळा! पण एक शब्दप्रयोग सगळीकडे सारखाच चाले, तो म्हणजे आसमानी-सुलतानी. पावसाने ओढ दिली ती आसमानी. फौज येऊन गेली किंवा अंमलदाराने नाडले ती सुलतानी. तूट आली तर ती कोणत्या खात्याची, हे आधी ठरवावे लागे.

हा भेद आकड्यांत कसा उतरतो, ते पाहू. कारंज्यासारख्या कापसाच्या पेठेत, आण्यांच्या काळात, एक काल्पनिक जिन-प्रेस धरू. अंदाज होता १,००० गाठींचा. भाडे, मुनीम, चौकीदार मिळून ठाम खर्च ४,००० रुपये. शिवाय दर गाठीला २ मण कोळसा, मणाला २ रुपये दराने, म्हणजे ४ रुपये, आणि हमाली २ रुपये. एकूण १०,००० रुपये. पाऊस दगा देऊन गेला, गाठी निघाल्या ६००, खर्च झाला ९,०००. मुनीम म्हणतो, हजार रुपये वाचले! पण ६०० गाठींना खर्च यायला हवा होता ४,००० अधिक ३,६००, म्हणजे ७,६००. तेव्हा वाचले काहीच नाही. उलट १,४०० रुपये जास्त गेले.

हे १,४०० गेले कोठे? समजा, हमाली बरोबर आहे, ठाम खर्चही तितकाच आहे. फरक सारा कोळशात. लागायला हवा होता १,२०० मण, जळला १,६०० मण, आणि दर पडला २ रुपये ६ आणे. मणामागे ६ आणे वाढले, त्याचे ६०० रुपये. तो बाजारभाव, मुनीमाच्या दृष्टीने आसमानीच. उरलेले ८०० रुपये मात्र ४०० मण जादा कोळशाचे आहेत. बॉयलर गळका होता, की कोळसा रात्री कुंपणावरून गेला? ही सुलतानी. जाब विचारायचा तो या ८०० रुपयांचा, पावसाचा नव्हे.

आता या मापाने आमच्या वऱ्हाडाचाच हिशेब पाहा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. वसुलातून हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च भागवायचा, दरसाल हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला परत करायची, असा करार होता. म्हणजे ताळेबंद दाखविणे इंग्रजांवर बंधनकारक होते. १८६० च्या तहात धाराशीव आणि रायचूर दोआब परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले. पण निजामाने वऱ्हाडच्या हिशेबाची मागणीच सोडून दिली. शिल्लक उरली तर मिळायची, मात्र कारभाराला किती खर्च करावा हे सर्वस्वी इंग्रजांनी ठरवायचे. पुढे सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळविण्यासाठी पुष्कळ खटपट केली. पण ज्याच्या हाती ताळेबंदच नाही, त्याने खर्चातली सुलतानी कशी दाखवावी? पन्नास लाखांची माफी या सौद्यात फार महाग पडली, असे आमचे मत आहे.

इकडे शेतकऱ्याची आकारणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर तीस-तीस वर्षांसाठी बांधलेली. जमिनीचा मगदूर पाहून आकडा ठरला, तो पाऊस आला तरी तोच आणि न आला तरी तोच. तहकुबी किंवा सूट ही सरकारची मर्जी. या ठाम आकड्याची परीक्षा १८९९–१९०० च्या दुष्काळाने घेतली. सरकारदप्तरी ‘बासीम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्के घट. ही तफावत कोणत्या खात्यावर टाकायची? पाऊस आसमानी खरा; पण पाऊस नसतानाही न हलणारा आकडा कोणाचा?

५ नोव्हेंबर १९०२ रोजी कर्झन यांच्या कारकिर्दीत नवा करार झाला. वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने गेले आणि निजामाला दरसाल २५ लाख रुपये, पीक येवो वा न येवो, ठरून गेले. हिशेब बघण्याचे कारणच उरले नाही. त्या २५ लाखांतूनही आरंभी कर्जफेडीपोटी वजावट होई. तीन वर्षांनी, १९०५ साली, बासीम जिल्हाच मोडून अकोला आणि यवतमाळ यांत वाटला गेला. तो वाशीम या नावाने पुन्हा उभा राहिला १ जुलै १९९८ रोजी.