शिरवाडकरांची दोन फ्रेंच नाटके

अर्दिया (कुवेत) : वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९) आणि परभाषीय नाटक हा विषय निघाला, की चर्चा शेक्सपिअरपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ‘राजमुकुट’, ‘ऑथेल्लो’ आणि ‘शेक्सपिअरच्या शोधात’ हा ग्रंथ पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु फ्रेंच रंगभूमीशी नाते सांगणारी त्यांची दोन नाटके त्यामुळे उपेक्षित राहिली : ‘वैजयंती’ (१९५०) आणि ‘बेकेट’ (१९७१).

‘वैजयंती’चा आधार म्हणजे मॉरिस मेटरलिंक यांचे ‘मोना व्हान्ना’ (१९०२). मेटरलिंक बेल्जियमचे, परंतु त्यांचे लेखन फ्रेंचमधले. १९११ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेढ्यात उपासमारीने गांजलेल्या पिसा नगराला शत्रूचा सेनापती अन्न देऊ करतो, मात्र नगररक्षकाच्या पत्नीने एक रात्र त्याच्या तंबूत यावे, ही अट घालतो. ती जाते, तो तिला स्पर्शही करत नाही. परतल्यावर तिचे सत्य पतीला पटत नाही. ती खोटे बोलते, तेव्हा मात्र पटते. लंडनच्या सेन्सॉरने या नाटकाच्या जाहीर प्रयोगाला बंदी घातली होती. सीतेची कथा ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नव्हते.

‘बेकेट’चे मूळ नाटक झाँ आनुई यांचे, ते १९५९ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. (पुष्कळांना ते १९६४च्या इंग्रजी चित्रपटामुळे ठाऊक असते.) इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आपला जिवलग मित्र थॉमस बेकेट याला कँटरबरीचा आर्चबिशप करतो, धर्मसत्ता मुठीत राहील, हा त्याचा हिशेब. पण पद स्वीकारताच बेकेट त्या पदाचा होतो. ११७० साली त्याची चर्चमध्ये हत्या होते. आनुई यांनी बेकेटला जित सॅक्सन ठरवले. तो वस्तुतः नॉर्मन होता, हे कळल्यावरही त्यांनी दुरुस्ती केली नाही. इतिहासापेक्षा नाट्याची गरज त्यांना मोठी वाटली.

या नाटकाकडे शिरवाडकर का वळले असावेत, याचा धागा माझ्या मते त्यांच्याच ‘कौंतेय’मध्ये (१९५३) सापडतो. कर्ण आपले कुल कळल्यावरही मित्राला सोडत नाही. बेकेट कर्तव्य कळताच मित्राला सोडतो. दोघांचाही शेवट मृत्यूत होतो. दोन्ही नाटके लागोपाठ वाचली, तर निष्ठा नेमकी कोणाशी, हा प्रश्न शिरवाडकरांनी दोन्ही टोकांकडून तपासलेला दिसतो.

पुढच्या फ्रेंच प्रवाहाशी मराठीचे नाते निराळ्या वाटेने जुळले. विजया मेहता यांच्या ‘रंगायन’ने आयनेस्कोचे ‘खुर्च्या’ केले. सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणले. आपण राहतो त्या कुवेतमधूनही १९६९ पासून जागतिक नाटकांच्या अरबी अनुवादांची मालिका निघू लागली. शिरवाडकरांचा ‘बेकेट’ त्यानंतर दोनच वर्षांनी आला.